आरमोरी परिसरातील कौटुंबिक सहली

आरमोरी : गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. वैनगंगेच्या डाव्या अंगाला वसलेले. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. नागपूरहून गडचिरोलीला जाणारा रस्ता आरमोरीतूनच जातो. रेल्वेने येणारे शेजारच्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला उतरतात. लेकराबाळांसह सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगी ठिकाणे या गावाभोवती बरीच आहेत. मात्र इथला बेत घड्याळापेक्षा नदी आणि जंगल ठरवते.

पावसाळ्यात नदीचा शब्द शेवटचा. वर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की वैनगंगा फुगते, तिचे पाणी नाल्यांत उलटे शिरते आणि रस्ते बंद पडतात. ऑगस्ट २०२० अखेरच्या महापुराने हे सगळ्यांनाच दाखवले. म्हणून जाणते लोक सहल धान कापणीनंतर, दिवाळी ते होळीच्या दरम्यान ठेवतात.

तालुक्यातच असलेला वैरागडचा किल्ला हा सर्वांत सोपा पल्ला. भोवती खंदक, आत झाडोरा आणि ढासळलेली तटबंदी. इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे, मुलांना हिरे म्हटले की किल्ल्यात आपोआप रस येतो. जवळच टेकडीवर भंडारेश्वराचे जुने मंदिर आहे. सावली, पाणी आणि डबा सोबत असला की अर्धा दिवस सहज जातो. मात्र तटावर लहान मुलांचा हात सोडू नये, दगड सुटलेले आहेत.

आरमोरीची खरी ओळख कोशाची. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पोसले जातात, त्यांची राखण करण्याचे काम ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. कोसा हातात घेतला तर तो चिंचोक्यासारखा टणक लागतो. त्याला एक देठ असतो आणि त्या देठाच्या टोकाला कडी, जी किड्याने फांदीभोवती घट्ट विणलेली असते. वाऱ्यात कोसा पडत नाही तो या कडीमुळे. शहरातल्या मुलांना एखाद्या संग्रहालयापेक्षा हे अधिक आवडते. पावसाळा सरता सरता गेले तर झाडावर किडे आणि कोसे दोन्ही दिसण्याची शक्यता असते.

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा पूर्ण दिवसाचे काम. वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. काठावरच्या देवळांच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद घेतली. महाशिवरात्रीच्या यात्रेत गर्दी इतकी की शिल्पे पाहायची असतील त्यांनी तो काळ टाळलेलाच बरा.

परतीची वेळ ठरवताना वाघ विसरून चालत नाही. वडसा, आरमोरी भागात माणसांवर हल्ले करणारा ‘सीटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वन विभागाने पकडला. त्याने १३ जणांचा बळी घेतल्याची नोंद आहे. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही फिरतो आहे. त्यामुळे दिवस मावळायच्या आत डांबरी रस्ता गाठावा आणि जंगलातून आडवाट धरण्याआधी वनरक्षकाला विचारावे. गावकऱ्यांचा सल्लाही ऐकावा.

रात्रीची एकच सहल इथे जनमान्य : झाडीपट्टीचे नाटक. मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या हंगामात वडशाच्या कंपन्या गावोगाव प्रयोग करतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, म्हणून लेकरांसाठी चादर आणि सतरंजी घेऊनच लोक निघतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा बेत असेल तर मंगळवार टाळावा, त्या दिवशी सफारी बंद असते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रही बंद राहते. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प मात्र एका दिवसात बसत नाही. तिकडे मुक्कामाच्या तयारीनेच जावे.