खपलीचा मान

बेळगाव-सांगलीकडे सणाची हुग्गी खपली गव्हाचीच. त्याचे फोलपट मळणीत सुटत नाही, कांडावे लागते. १९२२ साली अमेरिकेत स्टॅकमन व लेव्हिन यांनी तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला. त्यात ‘खपली’ आपल्याच नावाने बसली; कारण तांबेऱ्याला ती सहसा बळी पडत नसे. १९६६मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले आणि ठेंगण्या, भरघोस वाणांपुढे खपली मागे पडली. तिच्या पिठाचा पाव घरी भाजला तर फारसा फुगत नाही, पण पुरणपोळी खुसखुशीत होते. आज शहरांत हेच पीठ चढ्या भावाने विकले जाते. ते घेताना एवढे स्मरावे, की हे वाण टिकले ते उखळापाशी राबलेल्या आयाबायांमुळे.