पहारा दोन तासांचा, ड्युटी छत्तीस तासांची

या मालिकेत आपण आतापर्यंत लढायांविषयी बोललो. आज लढाईच्या मागे उभ्या असणाऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे, म्हणजे डॉक्टरविषयी.

माझी भाची गुजरातमधल्या एका सरकारी रुग्णालयात एमडी करते आहे. गेल्या दिवाळीत ती घरी येऊ शकली नाही. भाऊबीजेच्या रात्री तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "मामा, तुमच्या पलटणीत पहाऱ्यावरचा जवान किती तास उभा राहतो?"

मी म्हणालो, "सलग दोन तास. मग दुसरा येतो."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मी काल सकाळी आठला आले. आता रात्रीचे नऊ वाजलेत. अजून एक राउंड बाकी आहे."

हिशोब करा. सदतीस तास झाले होते.

आमच्याकडे पहारा दोन तासांचा असतो, तो जवानाचे लाड म्हणून नाही. दोन तासांनंतर डोळे फसवायला लागतात. झुडूप माणसासारखं दिसतं आणि खरा माणूस झुडपासारखा. पहाऱ्यावर झोपलेल्या जवानाला शिक्षा आहे. पण त्याला रात्रभर एकट्याला उभं ठेवलं, तर जाब गार्ड कमांडरला द्यावा लागतो. बंदूक हातात असलेल्याचे तास मोजले जातात. सुई आणि सुरी हातात असलेल्याचे का मोजले जात नाहीत? याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आजचा विषय.

आधी फौजेचं सांगतो. आम्हीही हे शहाणपण जन्मतः घेऊन आलो नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत तोफांच्या माऱ्याखाली राहिलेले जवान थरथर कापू लागले. कुणाची वाचा गेली, कुणाला चालता येईना, आणि अंगावर जखम एकही नाही. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द छापून आला. पण बऱ्याच अधिकाऱ्यांच्या लेखी हा भित्रेपणाच होता. पळून जाणं, भ्याडपणा असे आरोप ठेवून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. त्यांच्यातले कित्येक मनाने मोडलेले होते, हे मान्य करायला नव्वद वर्षं लागली.

त्याच खंदकांत चार्ल्स विल्सन नावाचा एक पलटणीचा डॉक्टर होता. पुढे तो लॉर्ड मोरान आणि चर्चिलचा खाजगी डॉक्टर म्हणून ओळखला गेला. १९४५ साली त्याने धैर्याविषयी एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की धैर्य ही बँकेतली शिल्लक आहे. शूर माणसाकडेही ती अमर्याद नसते. रोज काढत राहिलात आणि भर घातली नाही, तर एक दिवस खातं रिकामं होतं. तेव्हा दोष त्या माणसाचा नसतो, काढत राहणाऱ्याचा असतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे बऱ्यापैकी रुजलं होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांत पहिल्या पाळीला ३० मोहिमा झाल्या, की वैमानिकाला लढाईतून बाजूला काढायचे. तो 'मी ठीक आहे' म्हणाला तरी. विश्रांती हा हुकूम होता, सवलत नव्हती.

आता रुग्णालयांकडे वळू. आजची रेसिडेंट डॉक्टरची पद्धत मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून जगभर गेली. ते रुग्णालय १८८९ मध्ये उघडलं. तिथले शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनी शिकाऊ सर्जनची जी घडी बसवली, तिच्यात तरुण डॉक्टरने रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस उपलब्ध असायचं. 'रेसिडेंट' या शब्दाचा अर्थच तिथे राहणारा. हॉल्स्टेड मोठे सर्जन होते, यात शंका नाही. पण कोकेनने भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करताना १८८४ च्या सुमारास त्यांना त्याचं व्यसन लागलं, मग मॉर्फिनचं. त्यांच्या सहकाऱ्याने, विल्यम ऑस्लर यांनी, हे लिहून मोहोरबंद ठेवलं होतं. ते १९६९ मध्ये बाहेर आलं. म्हणजे ज्या विभागातून थकवा न मोजण्याची शिस्त जगभर गेली, त्या विभागाचा प्रमुख स्वतः आजारी होता आणि त्याविषयी उघड बोलायची सोय नव्हती. न बोलण्याची ही चालही पद्धतीबरोबर आपल्याकडे आली.

आपल्या मराठी माणसांना याबाबतीत एक नाव जवळचं आहे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० चा. जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकून निघालेले कोटणीस होते. पथकातले बाकीचे पुढे मायदेशी परतले, कोटणीस राहिले. १९४० च्या लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. त्यांच्याआधी त्याच भागात काम केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून गेले. बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांकडे आली. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी तेही गेले. वय ३२. मागे चिनी पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा.

मी डॉक्टर नाही. त्यांचा मृत्यू अतिश्रमानेच झाला, असं मी म्हणणार नाही. पण झोप न मिळणं हे अपस्माराच्या रुग्णाला झटका येण्याचं एक ओळखीचं कारण आहे, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने कोटणीस घराघरांत पोचले. मीही लहानपणी त्यांची गोष्ट ऐकून भारावलो होतो. आज त्या ७२ तासांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. तिथे जखमींची रांग होती आणि दुसरा सर्जन नव्हता. पर्यायच नव्हता. आपली चूक अशी झाली, की पर्याय नसताना एका माणसाने जे केलं, ते आपण रोजच्या ड्युटीचं माप करून टाकलं. युद्धातला अपवाद आपण शांततेच्या काळातला नियम केला.

या थकव्याला नाव मिळायला १९७४ साल उजाडलं. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसभर स्वतःचे रुग्ण तपासून रात्री एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले सगळ्यांत तळमळीचे कार्यकर्तेच आधी विझत आहेत, हे त्यांनी पाहिलं. त्यांची स्वतःचीही तीच गत झाली. त्यांनी त्याला 'बर्नआउट' म्हटलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. मन रिकामं होणं, समोरचा माणूस माणूस न वाटणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही भावना जाणं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. तिच्यानुसार तो कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येतो. त्यातला 'कामाच्या जागी' हा भाग लक्षात ठेवा.

यातली दुसरी खूण मी स्वतः पाहिली आहे, आणि त्यात माझी चूक होती.

मी पलटणीचा कमांडिंग ऑफिसर होतो. उत्तरेत, खूप उंचावर, हिवाळ्यात. कंपन्या ठरलेल्या दिवसांनी खाली यायच्या, दुसऱ्या वर जायच्या. तो तक्ता माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलेला असायचा. पलटणीचा डॉक्टर एक तरुण कॅप्टन होता. हसरा, कामाला वाघ. हळूहळू त्याचं हसणं कमी झालं. एका सकाळी एक जवान खोकला आणि दम लागल्याची तक्रार घेऊन त्याच्याकडे गेला. "रोज कुणीतरी नाटक करतंय," असं म्हणून त्याने त्याला परत पाठवलं. नर्सिंग असिस्टंटला शंका आली, त्याने पुन्हा तपासलं. फुप्फुसात पाणी होऊ लागलं होतं. जवानाला तातडीने खाली नेलं, तो वाचला.

मी संतापलो होतो. डॉक्टरविरुद्ध कडक शेरा लिहायला बसलो. तेवढ्यात सुभेदार मेजर साहेब आत आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, डॉक्टरसाहेब शेवटचे खाली कधी उतरले होते?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. त्यावर चारही कंपन्या होत्या. डॉक्टरचं नावच नव्हतं. कंपन्या बदलत राहिल्या आणि तो तिथेच राहिला. रजिस्टर काढलं. १४३ दिवस झाले होते.

तो कागद मी फाडला. बदली डॉक्टर मागवला आणि त्याला खाली पाठवला. पण सांगायला हवं, की ती चूक सुभेदार मेजर साहेबांनी पकडली, मी नाही. आणि तो जवान वाचला नसता, तर चौकशीत दोषी डॉक्टर ठरला असता. तक्ता कुणी पाहिला नसता.

न्यूयॉर्कमध्ये तक्ता पाहावा लागला. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी तापाने रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांत गेली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्युटीवर होते आणि त्यांच्याकडे आणखी बरेच रुग्ण होते. वडील वकील आणि पत्रकार होते, त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर १९८९ मध्ये त्या राज्याने मर्यादा घातली, आठवड्याला ८० तास आणि सलग २४. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा अमेरिकाभर लागू झाली.

आणि आपण? आपल्या केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे, की सलग काम सर्वसाधारणपणे १२ तासांहून जास्त नसावं आणि आठवड्याला ४८ तास असावं. पण सोबत 'कामाच्या निकडीनुसार' अशी पळवाट आहे, आणि आपल्या रुग्णालयांत निकड रोजचीच. २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने शिफारस केली, की आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नसावं. बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि ही सुधारणा म्हणून सुचवावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्यात ड्युटीवरची एक डॉक्टर विश्रांतीला सेमिनार हॉलमध्ये गेली असताना तिच्यावर अत्याचार आणि तिचा खून झाला. सुरक्षेची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आमच्याकडे पहाऱ्यावरून उतरलेला जवान कुठे झोपणार, हे आधी ठरतं आणि मग पहारा लागतो.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे. डॉक्टर बदलला, की रुग्णाची माहिती गळते. खरं आहे. तास कमी केले म्हणून अमेरिकेत मृत्यू लगेच घटले, असंही ठामपणे दिसलेलं नाही. पण फौजेतही पहारा बदलताना धोका असतोच. म्हणून आम्ही पहारा लांबवत नाही, सोपवण्याची रीत पक्की करतो. काय पाहिलं, कुठे हालचाल आहे, कोणावर लक्ष ठेवायचं, हे सगळं नव्या माणसाला सांगितल्याशिवाय जुना जागा सोडत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. तास कमी करायचे तर जास्त डॉक्टर भरावे लागतील. हो, लागतील. गार्डला माणसं कमी पडली तर आम्ही वर माणसं मागतो, एकालाच आठ तास उभं करत नाही.

बडोद्यात असा, इंदूरला, बेळगावात किंवा हैदराबादला, तुमच्या नात्यागोत्यात एखादा तरुण डॉक्टर असेलच. त्याला योगासनं आणि ध्यान जरूर सुचवा, पण त्याने त्याच्या खात्यात जेवढी भर पडेल, त्याहून जास्त रोज काढलं जातंय, हे विसरू नका. आणि रुग्णालयात एखादा डॉक्टर तुमच्यावर खेकसला, तर हात उगारायच्या आधी, आवाज चढवायच्या आधी त्याला विचारा, "डॉक्टर, तुम्ही कधीपासून ड्युटीवर आहात?" जे उत्तर मिळेल, ते अधीक्षकांना लेखी कळवा. जाब तक्ता लावणाऱ्याकडे मागायचा असतो.

त्या रात्री भाचीला काय सांगावं, मला सुचलं नव्हतं. "काळजी घे," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "मामा, काळजी घ्यायला वेळ लागतो." आणि राउंडला गेली.

आज इथेच थांबू. जय हिंद.