गार्फील्ड यांचे शेवटचे जेवण

१/ २ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात चार्ल्स गिटो याने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गार्फील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर ते ७९ दिवस जगले. जखमेत न धुतलेली बोटे घालणाऱ्या डॉक्टरांची कथा अनेकांनी वाचली असेल. आज त्याच खोलीतील अन्नाविषयी.

२/ ऑगस्टच्या मध्यास त्यांच्या पोटात काही ठरेना. तेव्हा डॉ. विलार्ड ब्लिस यांनी बस्तीचा मार्ग धरला. गोमांसाचा अर्क, अंड्याचा बलक, थोडी व्हिस्की आणि अफूचे थेंब हे सारे गुदमार्गे देण्यात येऊ लागले. आज हे विचित्र वाटते. त्या काळी हा मान्य उपचार होता.

३/ पण मोठे आतडे प्रामुख्याने पाणी आणि क्षार शोषते. प्रथिनांचे व स्निग्धांशाचे शोषण होते लहान आतड्यात. म्हणजे पाणी मिळाले, अन्न जवळजवळ नाहीच. सुमारे २१० पौंडांचा धिप्पाड देह १३० पौंडांवर आला. १९ सप्टेंबरला ते गेले. जंतुसंसर्ग होताच, पण या उपासमारीकडे इतिहासकारांनी दीर्घकाळ पुरेसे लक्ष दिले नाही, असे मला वाटते. ब्लिस यांनी तर पुढल्याच वर्षी गार्फील्ड यांचेच उदाहरण देऊन या पद्धतीवर लेखन प्रसिद्ध केले!

४/ जठरात नळी घालण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. १७९० मध्ये लंडनच्या जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या एका रुग्णाला वाम माशाच्या कातडीच्या नळीतून अन्न दिले होते, आणि तो बरा झाला. मात्र ब्लिस यांच्यावर अन्याय नको. नळी घशाला वळसा घालते. जठरच अन्न परतवत असेल तर ती काय करणार?

५/ मग उरते रक्तवाहिनी. पण तीव्र साखरद्रावाने हातातील बारीक शिरा सुजतात, आणि तो पातळ करावा तर रोज इतके पाणी शरीराला पेलत नाही. स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात तो हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडला. तिथला वेगवान प्रवाह त्याला क्षणात पातळ करतो. आधी बीगल जातीची पिल्ले केवळ शिरेवाटे वाढवली गेली.

६/ नंतर, १९६७ मध्ये, एक नवजात मुलगी आली. तिचे लहान आतडे जवळजवळ नव्हतेच. शिरेवाटे मिळणाऱ्या अन्नावर तिचे वजन वाढले, उंची वाढली. ती सुमारे २२ महिने जगली.