पोत्याचं वजन कोणी ठरवलं?

कंबरदुखी हा माझा रोजचा धंदा आहे. कोपरखैरण्यात माझा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना आहे. येणाऱ्यांत वाशीच्या बाजारातले माथाडी असतात, निवृत्त माथाडी असतात, त्यांच्या घरच्या बायका असतात. आमच्या पुस्तकांत जोखमीच्या कारणांची यादी दिलेली असते: जड ओझं, कमरेत वाकून उचलणं, उचलताना वळणं, दिवसभर तीच ती हालचाल, वाढतं वय, धूम्रपान, अपुरी झोप, कामाचा ताण. यादी बरोबर आहे. फक्त एक गोष्ट तिच्यात कुठेच नसते. ओझं तेवढंच का? शंभर किलोचं पोतं कोणी ठरवलं, आणि मग पन्नासचं कोणी?

मुंबईपुरतं बोलायचं तर उत्तर बंदरापासून सुरू होतं. प्रिन्सेस डॉक 1880 मध्ये उघडला, व्हिक्टोरिया डॉक 1888 मध्ये, अलेक्झांड्रा डॉक 1914 मध्ये. या गोद्यांच्या पाठीमागे मस्जिद बंदर, दाणाबंदर, भात बाजार, कर्नाक बंदर, दारूखाना अशी वखारींची रांग उभी राहिली. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी 784 रत्तलांची आणि तिच्या गाठी दोन, म्हणजे एक गाठ पावणेदोनशे किलोंच्या वर. जहाजात जागा कमी लागावी म्हणून कापूस वाफेच्या प्रेसमध्ये दाबून आवळायचा. गाठीचा आकार ठरवला तो प्रेसने आणि जहाजाच्या पोटाने. ती गाठ एकट्याला उचलणं शक्यच नव्हतं. आकडा मारून लोळवायची, हातगाडीवर चढवायची.

धान्याचं पोतं मात्र एका माणसाला जेमतेम पेलण्याइतकं होतं, आणि घात झाला तो तिथेच. कलकत्त्याच्या तागगिरण्यांतून येणाऱ्या गोणीत अडीच बंगाली मण माल भरायचा, म्हणजे 93 किलोंच्या घरात. वजनमापांचा कायदा 1956 मध्ये झाला, पुढच्या काही वर्षांत मणाची जागा क्विंटलने घेतली आणि पोतं शंभरीला टेकलं. व्यापाऱ्याला हे सोयीचं होतं. भाव क्विंटलचा, पोतं क्विंटलचं. मेहताजीने पोती मोजली की हिशेब पुरा. काट्याची सोय झाली, वहीची सोय झाली. ते पोतं ज्याच्या पाठीवर जायचं, त्याचं स्वतःचं वजन बहुतेकदा त्याहून कितीतरी कमी असायचं.

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, 1966 मध्ये पाटण खोऱ्यातून मस्जिद बंदरला आले. पाटण, जावळी, खटाव, माण या भागांतली माणसं तेव्हा अशीच यायची. आधी गावचा कोणीतरी हमालांच्या टोळीत असायचा, त्याच्या ओळखीने दुसरा. एका खोलीत वीस-वीस जण, जेवण खानावळीत, झोप पाळीपाळीने. तात्यांनी मला पोतं उचलण्याची रीत सांगितली होती, आणि फिजिओथेरपी शिकताना कॉलेजच्या वर्गापेक्षा मला तीच जास्त उपयोगी पडली.

दोघे जण पोत्याचे दोन-दोन कान धरून ते झोक्याने उचलतात. तिसरा पाठ करून गुडघ्यांत किंचित वाकून उभा असतो, खांद्यावर रिकाम्या बारदानाची घडी टाकून. पोतं मानेखाली बसलं की तो हात मागे नेऊन कान धरतो आणि लगेच चालू लागतो, कारण थांबलं तर जास्त जड लागतं. ट्रकपासून वखारीपर्यंत फळी टाकलेली असते. ती पावलागणिक लवते आणि तिच्या लवण्याच्या तालावर पाय टाकावे लागतात. आत थप्पी लावायची. खालचे थर सोपे. डोक्याच्या वरच्या थरावर पोतं टाकायचं तर शेवटच्या क्षणी कमरेतून झटका देऊन वळावं लागतं. तात्या म्हणायचे, “चालताना कंबर जात नाही, पोरी. घेताना जाते, नाहीतर टाकताना जाते.”

यंत्रं लावून झालेली मोजमापं तेच सांगतात. स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. पुढे वाकून वजन उचलताना तो ताठ उभं राहण्याच्या कितीतरी पट वाढतो. त्यात कंबर वळली की चकतीच्या कडेच्या तंतूंवर आडवा ताण येतो. शिवाय चकती रात्रभर पाणी शोषून फुगते, म्हणून झोपेतून उठल्यावर पहिले काही तास वाकणं अधिक धोक्याचं. भाजीच्या बाजारात गाड्या खाली व्हायला सुरुवात पहाटेच्या आधी होते. उठला, तोंडावर पाणी मारलं आणि पहिली गोणी घेतली, अशा माणसाची कंबर धरली तर त्यात नवल नाही.

हमालाचं दुखणं वैद्यकाच्या पुस्तकात शिरलं ते फार आधी. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ओझेवाल्यांवर वेगळं प्रकरण आहे. फुटलेली चकती नसेवर दाबते आणि कळ पायात उतरते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934 मध्ये मांडलं. मस्जिद बंदरच्या खोल्यांत त्यानंतरही कित्येक वर्षं उपचार गावचेच चालत. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून कमरेला पाय लावून घ्यायचा. नाहीतर निर्गुडीचा पाला गरम करून शेक, तापवलेली वीट, बिब्बा. जुन्या माथाडींच्या कमरेवर बिब्ब्याचे काळे ठिपके मी अजून पाहते. मी त्याला हसत नाही. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते, श्रेय पायाळूला मिळतं. खरी अडचण ते काही दिवस कसे काढायचे, ही होती.

कारण मजुरी पोत्यावर होती. पोतं उचललं तर पैसे, नाही उचललं तर नाही. माणूस पेढीचा नोकर नव्हता, मुकादमाचाही धड नव्हता. हजेरीपट कुठेच नव्हता. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात अपघाताला भरपाई होती, पण वीस वर्षं ओझी वाहून झिजलेली कंबर अपघातात बसत नव्हती आणि व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत तिचं नाव नव्हतं. मालक कोण, हेच सांगता येत नसेल तर दावा लावणार कोणावर? गोदी कामगारांसाठी 1948 मध्ये कायदा झाला आणि कामगारांची नोंद ठेवणारं मंडळ आलं. गोदीच्या भिंतीबाहेर तोच माल वाहणारा हमाल मात्र मोकळाच राहिला.

मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील दारूखान्यात लाकडाच्या वखारीत राबलेले. 1964 मध्ये त्यांनी माथाडींची युनियन उभी केली. पुण्यात डॉ. बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवत होते. हमाल पंचायत त्यांनी उभी केली. हमालांच्या नेत्याने आधी डॉक्टर म्हणून नाडी पाहिलेली असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1969 मध्ये वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची रचना अशी: मालक आणि कामगार दोघांची मंडळाकडे नोंद. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. किराणा, लोखंड, कापड, भाजीपाला, रेल्वे मालधक्का, अशी एकेका व्यवसायाची मंडळं होत गेली.

या कायद्यात कमरेचा इलाज कुठे लिहिलेला नाही. तरी कमरेसाठी गेल्या शतकात इथे जे काही झालं, त्यात मी तो सर्वांत वर ठेवते. नोंद झाली म्हणून रजा आली, आणि मालकाला न दुखावता चार दिवस घरी बसता येऊ लागलं. नोंद झाली म्हणून सगळ्यांनी मिळून “एवढं जड उचलणार नाही” असं म्हणता येऊ लागलं. एकट्याने म्हटलं असतं तर दुसरा गडी उभाच होता.

टोळीच्या आत एक व्यवस्था त्याआधीपासून होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तात्यांच्या टोळीत मजुरीचे वाटे समान पडत. पण पन्नाशी उलटलेल्याला पाठीवर पोतं देत नसत. त्याने पोती मोजायची, सुतळी सोडायची, सांडलेलं धान्य झाडायचं, फळी धरायची. उसण भरलेल्या तरुणालाही आठवडाभर हेच काम. आजचं वैद्यक नेमकं हेच सांगतं: साध्या कंबरदुखीत अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं हलतं राहा, हळूहळू कामावर या. मोठ्या कंपन्या त्यासाठी सल्लागार नेमतात. तात्यांच्या टोळीने ते परक्याच्या पैशांत नाही, एकमेकांच्या वाट्यात सोसलं.

आता पन्नास किलोकडे येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये कमाल वजनाचा करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची हद्द सुचवली. शंभराऐवजी पन्नासचं पोतं ही माथाडी आणि हमालांची मागणी कित्येक वर्षं चालली आणि हळूहळू धान्य-साखरेची पोती पन्नासवर आली. कांदा-बटाट्याच्या गोण्या मात्र पुन्हा पुन्हा फुगून येतात आणि वाशीत त्यावरून काम थांबण्याची वेळ आलेली आहे. पन्नासने फरक पडला यात शंका नाही. पण पन्नासच का? क्विंटलचा निम्मा म्हणून. दोन पोती म्हणजे क्विंटल, मेहताजीचा हिशेब पुन्हा सोपा. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रात सगळं अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगालगत, कंबर न वळवता, अधूनमधूनच उचलायचं असताना, आरंभीचा आकडा 23 किलो धरला आहे. वाकणं, वळणं, दिवसाला शेकडो खेपा जमेस धरल्या की तो आणखी खाली येतो. म्हणजे आपण ज्याला जिंकलेली लढाई समजतो, तिथेही काट्याचीच सोय चालली.

आणि ज्या कमरा कुठल्याच वहीत नाहीत, त्यांचं काय? तात्या मुंबईत असताना आई गावी भाताची लावणी करायची. चिखलात पोटऱ्या रोवून, दिवसभर ओणवी, आणि संध्याकाळी डोक्यावर सरपणाची मोळी. तात्यांच्या कमरेचे एक्स-रे, रजेचे अर्ज, औषधांच्या पावत्या घरात आहेत. आईची कंबर त्यांच्याहून आधी वाकली आणि तिचा एकही कागद नाही. दवाखान्यात माथाडीबरोबर आलेली बाई दाराशी बसून राहते तेव्हा मी तिलाही टेबलावर झोपवते. बहुतेकदा तिचीच तपासणी जास्त वेळ चालते.

हल्ली एक नवा पेशंट येतो. वय पंचवीसच्या आत, भिवंडीकडच्या गोदामातला, ठेकेदाराचा माणूस. पोतं नसतं, खोकी असतात. वीस-पंचवीस किलोंची, पण उचलण्याचा वेग यंत्र ठरवतं. त्याला टोळी नाही, मंडळाचा नंबर नाही, उद्या नाही गेला तर परवा काम असेलच असं नाही. त्याला मी व्यायाम दाखवते, गुडघ्यांतून बसून उचल म्हणते, वळायचं तर पाय वळव म्हणते. तो मान हलवतो. मलाही ठाऊक असतं आणि त्यालाही, की त्या वेगात हे जमणार नाही. पट्टा विकत घेऊ का, असं तो विचारतो. पट्ट्याने दुखणं टळतं असा भरवशाचा पुरावा नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगते.

म्हणून माझ्या तपासणीच्या कागदावर आता दुखणं कुठे, कळ पायात उतरते का, याच्या आधी तीन प्रश्न छापलेले आहेत. ओझं किती किलोचं? तासाला किती? नाही म्हणता येतं का? पहिल्या दोहोंची उत्तरं आकड्यांत येतात. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर माझे व्यायाम उपयोगी पडतात. ‘नाही’ असेल तर त्या माणसाला आधी मंडळाच्या कचेरीचा पत्ता देते, व्यायामाचा तक्ता नंतर.