सदर ते लंडन : जोडप्रवासाचा एक विचार

विलायतेचा प्रवास सुएझ कालव्याने (१८६९) सुलभ केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नागपूरच्या सदरमधील रेसिडेन्सी परिसरातून निघणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने पाहता हे मत अपुरे ठरते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा मुंबईशी जोडणारा लोहमार्ग नव्हता. समुद्रकिनारा गाठणे हाच मोठा प्रवास होता. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे भुसावळमार्गे नागपुरास पोहोचली आणि हा पहिला टप्पा वेळापत्रकात बसला. ही घटना कालव्याच्या दोन वर्षे आधीची आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

पुढील आखणी अधिक कसोटीची होती. मुंबईहून आगबोटीने थेट इंग्लंडपर्यंत जावे, की इटलीतील ब्रिंडिसी येथे उतरून रेल्वेने युरोप ओलांडावा? १८७१ मध्ये आल्प्समधील फ्रेजूस बोगदा खुला झाल्यावर दुसरा पर्याय अधिक सोयीचा झाला. जिब्राल्टरचा वळसा टळून काही दिवस वाचत. परंतु कॅले येथे गाडी सोडून इंग्लिश खाडी बोटीने ओलांडावी लागे. अशा वेळी अवजड पेट्या समुद्रमार्गेच पाठविणे शहाणपणाचे. टांगा, आगगाडी, आगबोट, पुन्हा आगगाडी, पुन्हा बोट आणि अखेरीस लंडनमधील भाड्याची घोडागाडी, अशा या साखळीत चिंता अंतराची नव्हे, सांध्यांची होती.

खाडीवरचा सांधा तर सर्वांत चिवट ठरला. १९३६ मध्ये सुरू झालेल्या ‘नाइट फेरी’ने लंडन-पॅरिस शयनयानेच बोटीवर चढविली, प्रवाशाचे उतरणे वाचले, समुद्र टळला नाही. खाडीखालून आगगाड्या धावू लागल्या त्या १९९४ मध्ये.