घरांच्या पुस्तकातून आलेली विद्या

1987 सालची गोष्ट. अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीत सेमीकंडक्टर तपासणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर तयार होत होतं आणि पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी काही केल्या जमत नव्हती. वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक या दोन प्रोग्रामरांनी सुचवलेला उपाय जरा तिरपागडाच होता: यंत्रणा ज्यांच्या हाती जायची आहे, त्यांनीच ती मांडावी. मग एक प्रशिक्षक आणि एक फील्ड इंजिनिअर कामाला बसले. प्रोग्रामिंग हा दोघांचाही पेशा नव्हता.

त्यांच्या हाती दिले फक्त पाच नियम. प्रत्येक कामाला स्वतंत्र खिडकी, एका खिडकीत मोजकेच कप्पे, कप्प्यांचे प्रकार आधीच ठरलेले, मेनू आटोपशीर, आणि टिकून राहणाऱ्या वस्तू यादीत, तर त्यांच्यावर करायच्या क्रिया मेनूत. एवढ्या शिदोरीवर दोघांनी जी मांडणी केली, तिचा साधेपणा पाहून कनिंगहॅम-बेक चकित झाले. त्याच वर्षीच्या ‘उप्स्ला’ या प्रोग्रामिंगविषयक परिषदेत त्यांनी हा अनुभव मांडला.

ही युक्ती उसनी होती, तीही संगणकाबाहेरून. बर्कलीत शिकवणारे वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी 1977 साली सहकाऱ्यांसह ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे जाडजूड पुस्तक काढलं. त्यात 253 नमुने आहेत. खोलीत दोन बाजूंनी उजेड यावा, बाल्कनी किमान सहा फूट खोल असावी, असे. प्रत्येक नमुन्यात आधी अडचण, मग तोडगा. लोकांना आपलं घर, आपला मोहल्ला स्वतः आखता यावा, हा त्यामागचा हेतू.

पुढे मात्र गंमत झाली. 1994 साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ आलं. त्यात 23 नमुने, सगळे मुरलेल्या प्रोग्रामरांसाठी. पुस्तक उत्तम, यात वाद नाही. पण नवख्यांसाठी सुरू झालेली पद्धत इथे तज्ज्ञांची परिभाषा बनली, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीतले प्रश्नही त्यातूनच निघू लागले.

नवख्यांची गर्दी तेव्हा दुसरीकडे होती. टिम बर्नर्स-ली यांचं वेब 1991पासून ‘सर्न’ या संशोधन संस्थेबाहेर पोचू लागलं होतं, आणि कुठल्याही पानाचा मूळ एचटीएमएल मजकूर ब्राउझरमध्येच उघडून बघता येई. लोकांनी तो बघितला, उचलला, आपलं नाव घालून चालवला. क्लास नाही, फी नाही! फक्त एक मेख होती. दिसत होतं ते पान. त्यामागे सर्व्हरवर काय चालतं, माहिती कुठे साठते, कोणता भाग कोणावर अवलंबून आहे, हे त्या मजकुरात कुठेच नव्हतं. पान बनवायला हजारो जण असे शिकले. रचना मात्र नक्कल करून हाती लागत नव्हती.

कनिंगहॅम यांनी 25 मार्च 1995 रोजी जे संकेतस्थळ सुरू केलं, तिथे हे दोन्ही धागे जुळले. प्रोग्रामरांनी आपापले नमुने लिहून ठेवावेत म्हणून ते बनवलेलं; पण कुणीही यावं आणि पान तिथल्या तिथे बदलावं, ही सोय त्यात होती. एचटीएमएलसुद्धा येण्याची गरज नाही. हाच पहिला विकी. विकिपीडिया 2001 साली त्याच धर्तीवर उभा राहिला आणि 2003 साली मराठी विकिपीडियाही आला.

मराठी विकिपीडियावर ‘साचा’ नावाचा प्रकार आहे. गावांच्या लेखांत बाजूला दिसणारी माहितीचौकट त्यातूनच तयार होते. तालुका, जिल्हा, लोकसंख्या हे तपशील ज्याच्या त्याच्या लेखात. चौकटीचा सांगाडा मात्र एकाच ठिकाणी. सांगाड्यात एक ओळ बदलली की तो साचा वापरणाऱ्या सगळ्या गावांची पानं बदलतात. आशय आणि मांडणी वेगळी ठेवणं हा सॉफ्टवेअर आर्किटेक्चरचा पायाभूत धडा; साचा भरणारे आणि दुरुस्त करणारे कित्येक जण तो एकही प्रोग्राम न लिहिता गिरवत असतात.