निगेटिव्हवरची पेन्सिल आणि कॅटलॉगातली नोंद

छायाचित्रावर हात फिरवून ते सुधारण्याचा धंदा जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती मांडल्या, एक हात फिरवण्यापूर्वीची व एक नंतरची, असे सांगतात. पुढे शतकभर स्टुडिओच्या मागच्या खोलीत, काचेखालून येणाऱ्या उजेडात, पेन्सिल आणि पाते घेऊन हा कारागीर बसत असे. गालावरची सुरकुती भरावी, डोळ्याखालची सावली खरवडावी, हे त्याचे काम. परंतु पाते एकदा फिरले की मागे जाणे नाही. आणि या कारागिराने एका चेहऱ्यावर तास घालवला की दहा मिनिटे, याची खूण निगेटिव्हवर राहत नसे, मालकाच्या वहीत तर नाहीच नाही.

१९९० साली फोटोशॉप बाजारात आले. टॉमस व जॉन नोल या दोन अमेरिकन भावांनी ते सिद्ध केले होते. आरंभी त्याचीही रीत पात्याचीच होती: बदल केला की मूळचे ठिपके गेले, फार तर शेवटची एक कृती मागे घेता येई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. मूळ चित्र खाली आणि दुरुस्ती वरच्या थरावर, म्हणून परतीची वाट खुली राहिली. पण प्रत्येक थर फाइलीतच साठत असल्याने फाइल फुगू लागली. १९९८ साली कृतींचा इतिहास दाखवणारी पट्टीही आली. मात्र फाइल बंद करताच तो इतिहास पुसला जाई. दिवस मावळला की हजेरीपट फाडून टाकावा, तसाच हा प्रकार.

निराळा विचार रुजला तो त्यानंतर. ॲपलचे ॲपर्चर २००५ मध्ये आणि अॅडोबीचे लाइटरूम २००७ मध्ये आले. लाइटरूम मूळ छायाचित्राला हात लावीत नाही. उजेड एवढा वाढवा, कडा इतकी कापा, असे हुकूम ते कॅटलॉग नावाच्या एका स्वतंत्र फाइलीत लिहून ठेवते आणि चित्र दाखवताना ते हुकूम बजावते. हा कॅटलॉग म्हणजे एसक्यूलाइट जातीचा विदासंच, साध्या भाषेत आखलेल्या रकान्यांची खतावणी. उजेडाचा हुकूम म्हणजे एक आकडा; त्याला जागा ती किती लागणार! म्हणून हजारो छायाचित्रांचा कॅटलॉगही त्या छायाचित्रांच्या मानाने लहानच असे.

मग तो वाढला कशाने? २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ब्रश आला. ब्रशचा फटकारा एका आकड्यात मावत नाही; तो कोठून कोठे गेला त्या सर्व ठिपक्यांची यादी ठेवावी लागते. एवढ्यानेही फार बिघडले नसते. खरी ग्यानबाची मेख आहे इतिहासाच्या नोंदीत. लाइटरूम प्रत्येक पायरीला केवळ नवा बदल टिपीत नाही, त्या क्षणीची संपूर्ण स्थिती टिपते. ब्रश फिरवून झाल्यावर तुम्ही उजेड किंचित वाढवला, तर त्या नोंदीत उजेडाचा आकडा येतोच, शिवाय ब्रशचे सगळे ठिपके पुन्हा उतरवले जातात. पुढच्या पायरीला पुन्हा. आजची हजेरी मांडताना पहिल्या तारखेपासूनचा अख्खा पट रोज नव्याने लिहिणारा कारकून डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हिशेब उमगेल. डाग पुसण्याच्या कामालाही हेच लागू.

२०२१ च्या ऑक्टोबरात यंत्र स्वतःच चित्रातला मुख्य विषय कोणता, आभाळ कोणते हे ओळखून मास्क काढू लागले. असा मास्क हा आकडा नव्हे, यादीही नव्हे. ते जवळजवळ एक चित्रच. त्यासाठी कॅटलॉगाच्या शेजारी दुसरी फाइल निघाली. प्रत काढताना पुष्कळ जण ती विसरतात, आणि मग मास्कांचे काम अपुरे राहते.

जागा वाचवण्यासाठी इतिहास पुसून टाकण्याची सोय आहे. पुसला तरी छायाचित्राची दुरुस्ती जशीच्या तशी राहते. नंतर कॅटलॉग आवरून घेतला की फाइल लहान होते. स्टुडिओच्या मालकाला हा सल्ला सहज पटतो. मी मात्र कामगारांच्या बाजूने पाहणारा माणूस. लग्नसराईत नगावर काम करणारा मुलगा रात्र रात्र जागून अल्बम दुरुस्त करतो, आणि हिशेबाच्या वेळी त्याला ऐकवले जाते की हे तर यंत्राने केले, तू फक्त बटण दाबलेस. त्याने कोणत्या चेहऱ्यावर किती पायऱ्या केल्या याचा पुरावा त्या फुगलेल्या फाइलीत असतो, आणि ती फाइल मालकाच्या संगणकात असते. जुन्या कारागिराच्या श्रमाची नोंद नव्हती. याच्या श्रमाची आहे, पण ती अडगळ म्हणून झाडली जाते.

म्हणून नगावर काम करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की मजुरी चुकती होईपर्यंत इतिहास पुसू देऊ नये आणि कॅटलॉगाची एक प्रत मागून घ्यावी. छायाचित्राशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल ठेवली म्हणजे भागले, असे काहींना वाटते. तिच्यात दुरुस्तीचे अखेरचे आकडे असतात; लाइटरूममधल्या पायऱ्यांचा इतिहास तिच्यात जात नाही, तो कॅटलॉगातच राहतो.